दीड पायली तांदूळ

आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर एक रुमाल होता. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, जुने कागद बांधून ठेवायचं चौकोनी फडकं असतं ना ते, मूळचं लाल असावं, मी पाहिलं तेव्हा त्याचा रंग सुकलेल्या कोकमासारखा झाला होता. आत चाळीसेक कागद. सगळे मोडी लिपीत. आणि घरात मोडी वाचता येणारा एकही माणूस नाही.

आता गंमत अशी की वाचता येत नसलं तरी त्यात काय आहे हे मात्र प्रत्येकाला नक्की माहीत होतं. काकांच्या मते ती इनामाची सनद, नदीपलीकडची सगळी जमीन एकेकाळी आपली होती आणि ती कोणीतरी लाटली, त्याचा पुरावा. आत्याचं म्हणणं विहिरीच्या मागे काहीतरी पुरलेलं आहे त्याची नोंद. एका चुलतभावानं तर एका लग्नात चारचौघांत सांगून टाकलं की आमच्याकडे पेशव्यांचं पत्र आहे, म्हणजे ते पत्र कुठल्या पेशव्याचं हेसुद्धा त्यानं सांगितलं. बाबा काही बोलायचे नाहीत. ते एवढंच म्हणायचे, दादांना येत होती मोडी, आम्ही कधी विचारलंच नाही. दादा म्हणजे माझे आजोबा. ते गेले तेव्हा मी दुसरीत होते. ते हिशोबाच्या वहीत अडीच लिहायचे ते २ आणि पुढे दोन उभ्या रेघा, २॥ असे, आणि मला वाटायचं आजोबांना अंक लिहिता येत नाहीत. ती पावाची एक रेघ, निम्म्याच्या दोन, पाऊणच्या तीन, ही मोडी हिशोबातली पद्धत आहे हे मला कळलं तेव्हा माझ्या केसांत पांढरं आलं होतं.

दोन पिढ्या. फक्त दोन पिढ्या लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवत होते, आजोबा त्यात फडाफडा पत्रं लिहायचे, बाबांनी ती लिपी नुसती पाहिली होती, आणि माझ्यासाठी तो कागद म्हणजे शाईत बुडालेला कोळी इकडून तिकडे पळाला असावा तसा.

हे सगळं डोक्यात असताना मी पहिल्यांदा नाणेघाटात गेले, पावसाळ्यात, कल्याण-मुरबाड करत वैशाखऱ्याच्या बाजूनं चढून. ट्रेकचा ग्रुप होता, सगळ्यांना नानाच्या अंगठ्यावर जाऊन उलटा धबधबा बघायचा होता, व्हिडिओ काढायचे होते, आणि मी गुडघ्यामुळे मागे पडले होते म्हणून घाटमाथ्याखालच्या गुहेत टेकले. बाहेर धुकं, आत ओलसर अंधार, कुणीतरी खाल्लेल्या वेफर्सचं पाकीट. आणि डाव्या-उजव्या भिंतीवर अक्षरंच अक्षरं. ब्राह्मी, आपल्याकडची फार जुनी लिपी. साधारण २ हजार वर्षांपूर्वीची, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातली, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसले आणि मनात आलं, अरे, हा तर आमचा माळ्यावरचा रुमाल.

म्हणजे बघा, हा घाट काही आडरान नव्हे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून माल वर जुन्नरला आणि पुढे पैठणला न्यायचा हा हमरस्ता. वर खिंडीपाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं म्हणतात. शेकडो वर्षं व्यापारी, बैल, हमाल, भिक्षू, सैनिक या गुहेपाशी दम खात थांबले असणार, आणि एक काळ असा आला की त्यातल्या एकालाही समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येईना. अक्षरं तशीच होती, दगडातली, पण ती ओळखणारी नजर कधीतरी मधल्या मधे निघून गेली, नेमकी कुठल्या पिढीत ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. कोण लिहिणार? आमच्या घरात तरी कुणी लिहिलं?

आणि न वाचता येणाऱ्या अक्षरांचं काय होतं हे मला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. लोक त्यात आपल्याला हवं ते वाचतात. दिल्लीचा फिरोजशाह तुघलक १३५६ च्या सुमारास हरियाणातल्या टोपऱ्याहून अशोकाचा प्रचंड स्तंभ दिल्लीला घेऊन आला, सावरीच्या कापसावर आडवा पाडून, लव्हाळ्यात आणि कातड्यात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून, यमुनेतून होड्यांवरून. मग त्यावर काय लिहिलंय म्हणून पंडितांना बोलावलं. कुणालाच येईना. पण काहीतरी तर सांगायला हवं ना बादशहाला, तर कुणीतरी सांगितलं म्हणे की यात लिहिलंय, हा खांब कुणालाही हलवता येणार नाही, पुढे फिरोज नावाचा राजा होईल तोच हलवील. हे त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला आमचा चुलतभाऊच आठवला, त्यानंही राजाला हेच सांगितलं असतं आणि वर पोशाख घेऊन आला असता.

आपल्याकडे तरी वेगळं काय. डोंगरात जे कोरलेलं दिसेल ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं. नाशिकची पांडवलेणी घ्या. तिथं भिंतीवर स्पष्ट लिहिलंय की हे कुणी खोदवलं, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र आहे, त्याची आई गौतमी बलश्री आहे, गुहेला 'लेण' म्हटलंय म्हणजे आपण आज वापरतो तोच शब्द, आणि आपण तो शब्द ठेवला, अक्षरं विसरलो आणि नाव पांडवांचं चिकटवलं.

बरं, मग या ब्राह्मीचं कुलूप उघडलं कसं? उघडणारा माणूस होता जेम्स प्रिन्सेप, कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांचा कस तपासणारा अधिकारी. इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. त्याच्याकडे ठिकठिकाणाहून लोक शिलालेखांचे ठसे पाठवत होते. १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख त्याच्यासमोर आले, एकेक ओळीचे, आणि त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांनी संपते. आता विचार करा, देवळाच्या पायरीवर, बाकड्यावर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा आपण काय लिहितो? 'अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट'. तेच! एवढ्या सगळ्या कठड्यांवर दुसरं काय असणार, दान दिलं असं असणार. शेवटची दोन अक्षरं 'दानं'. द मिळाला, न मिळाला, अनुस्वार मिळाला, त्याच्या आधी येणारा 'स' म्हणजे 'अमक्याचं' हे कळलं आणि मग काही आठवड्यांत धागा सुटत गेला. दिल्लीच्या त्या खांबावर फिरोजचं नाव नव्हतं हे वेगळं सांगायला नको. तिथं 'देवानंपिय पियदसि' असं म्हणवून घेणारा राजा होता, म्हणजे अशोक. प्रिन्सेप पुढे ३ वर्षांत गेला, वयाच्या चाळिशीत.

मला यात आवडतं ते हे की कुलूप राजाच्या खांबावर उघडलं नाही, वर्गणीच्या पाटीवर उघडलं.

आणि असं एकदाच झालेलं नाही. इजिप्तच्या सिनाई वाळवंटात सेराबित अल-खादिम नावाची जागा आहे, फिरोजी खड्यांच्या खाणी आणि शेजारी हथोर देवीचं देऊळ. १९०५ साली इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री आणि त्याची बायको हिल्डा तिथं खोदकाम करत होते आणि त्यांना ओबडधोबड चिन्हं सापडली, इजिप्तच्या चित्रलिपीसारखी दिसणारी पण ती नव्हे. साडेतीन-पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. पुढे १९१६ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचा जाणकार अ‍ॅलन गार्डिनरनं त्यातला एक शब्द लावला, 'बाअलत', म्हणजे बाईसाहेब, देवी, आणि तिच्यासाठी वाहिलेलं. म्हणजे परत नवस! परत दान! तिथं आजच्या इस्रायल-लेबनॉनच्या बाजूचे कनानी लोक होते, त्यांची भाषा इजिप्तची नव्हती, चित्रलिपीची शेकडो चिन्हं शिकायला त्यांना कोण बसवणार. त्यांनी सरळ युक्ती केली. बैलाचं डोकं काढलं, त्यांच्या भाषेत बैलाला 'आलेफ', तर ते चिन्ह म्हणजे त्या शब्दाचा पहिला ध्वनी, संपलं. घराला 'बेत', घराचं चित्र म्हणजे ब. पाणी, डोळा, डोकं, सगळं तसंच. आपण पोरांना कमळाचा क शिकवतो ना, ती पाटी उलट्या बाजूनं वाचा, कमळ काढलं की ते क. इंग्रजीतला मोठा ए कागदावर काढा आणि कागद उलटा करा. शिंगं दिसतील, निमुळतं तोंड दिसेल. जगभर रोज कोट्यवधी माणसं कीबोर्डवर बैलाचं मुंडकं दाबतात आणि पोळ्याला मात्र फक्त आपण नमस्कार करतो.

त्या बैलाचं पुढे फिनिशियन झालं, ग्रीक झालं, दुसऱ्या फाट्यानं अरामी झालं, आणि अरामीवरून आपल्या वायव्येकडची खरोष्ठी आली, उजवीकडून डावीकडे लिहायची. ब्राह्मी त्याच घराण्यातली की इथंच घडवलेली यावर मात्र विद्वानांची जुनी भांडणं आहेत. नाणेघाटचा लेख नीट छापणारा गेओर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित तिकडच्या बाजूचा होता, ब्राह्मीची मुळं सेमिटिक लिप्यांत, म्हणजे त्या फिनिशियन-अरामी घराण्यात, आहेत म्हणणारा. बाकीचे कडाडून विरोध करणारे. मी कोण सांगणार, पण मला एवढं दिसतं की चिन्हाचं सामान कुठूनही आणलेलं असो, ते मांडलं आहे ते कान असलेल्या माणसानं, क ख ग घ घशातले, च छ ज झ टाळूचे, ओठांचे सगळ्यात शेवटी, आणि काना मात्रा वेलांटी अक्षरालाच चिकटवायची. ही मांडणी बैल-घर-उंट अशी नाही.

नाणेघाटावरून परत आल्यावर मी वेड्यासारखं वाचायला लागले आणि दोन क्लास लावले, आधी ब्राह्मीचा ऑनलाइन, नंतर मोडीचा. ब्राह्मी, खरं सांगते, सोपी आहे. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे छप्पर. ब म्हणजे चक्क चौकोन. आणि ट म्हणजे अर्धं वर्तुळ, ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ. आता आपला ट आणि ठ लिहून बघा, वरची शिरोरेघ आणि ती छोटी दांडी काढून टाका. तेच! सव्वादोन हजार वर्षांत बाकी सगळी अक्षरं वळली, वाकली, त्यांना पाय फुटले, शेपट्या फुटल्या, आणि ठ आपला ठ च राहिला. ठाण्यात राहणारी असल्यामुळे मला याचा उगाच अभिमान वाटला.

अंकांची तर त्याहून मजा. नाणेघाटच्या भिंतीवर आपल्याकडचे फार जुने अंक आहेत. १ म्हणजे एक आडवी रेघ, २ म्हणजे दोन. आता एक करा, कागद घ्या आणि एकाखाली एक दोन आडव्या रेघा मारा, पण घाईत, हात न उचलता. वरची रेघ संपते तिथून पेन खाली डावीकडे घसरतं आणि दुसरी रेघ सुरू होते. काय झालं? २ झाला. तीन रेघा मारा, ३ होतो. कुणी बसून आकार ठरवलेला नाही, कुठल्यातरी कारकुनाला, कुठल्यातरी वाण्याला घाई होती. मी हे माझ्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, म्हणजे घाणेरड्या अक्षराचं बक्षीस मिळालं? साधारण हो.

आणि तो लेख आहे तरी कशाचा? सुरुवातीला धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्र-सूर्याला वंदन आहे, यम वरुण कुबेर वासव आहेत, आणि मग यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात काय काय दक्षिणा दिली त्याचा हिशोब. अश्वमेध, राजसूय, इतक्या हजार गायी, इतके घोडे, हत्ती, गाव, आणि कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी, एके ठिकाणी २४,४०० कार्षापण. शून्य नाही, दहा-वीस-शंभर-हजाराला वेगवेगळी चिन्हं, ती एकापुढे एक मांडून केलेली बेरीज. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, वर नावं कोरलेली आहेत, सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजेच नागनिका आणि सिरी सातकनि, राजपुत्र. पुतळे गेले. नुसती पावलांची खूण राहिली आणि डोक्यावरची नावं. ट्रेकचा ग्रुप बाहेरून हाका मारत होता तेव्हा मी नेमकी त्या पावलांच्या जागेपाशी डबा उघडून बसले होते, हे नंतर कळल्यावर मला ओशाळल्यासारखं झालं.

तर हिशोब. आपल्याला वाटतं लिपी कवितेसाठी जन्मली असेल, मंत्रासाठी, राजाज्ञेसाठी. इराकमधल्या उरुकच्या ५ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी, आणि त्यात काय आहे? एका प्रसिद्ध पाटीवर २९,०८६ मापं जव, ३७ महिने, आणि खाली 'कुशिम'. बियरसाठीचा जव. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्दा त्यावर वाद आहे, पण ते जर नाव असेल तर आपल्या हाती आलेल्या जुन्यात जुन्या नावांतलं एक नाव कोठारातल्या कारकुनाचं आहे. मला हे फार म्हणजे फार पटतं. कविता लक्षात राहते हो, आमच्या आजीला शंभर ओव्या पाठ होत्या, तिला कशाला लिपी लागत होती? लक्षात राहत नाही ते उधार.

मोडीचा क्लास मात्र जड गेला. सर म्हणायचे आधी रेघ ओढा, पानभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग त्या रेघेला अक्षरं लटकवा, हात उचलू नका. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, एका अक्षराच्या शेपटीतून दुसरं निघतं. मोडी हेमाडपंतानं आणली असं परंपरा सांगते, पण ती जोपासली बोरू हातात धरून बसलेल्या कारकुनांनी, पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून पडलेले आहेत. आणि या सगळ्याशेजारी देवनागरीला आपल्या लोकांनी नाव काय दिलं, बाळबोध. म्हणजे पोरांना कळेल अशी. मोठ्या माणसांची लिपी वेगळी होती, ती गेली, आणि आपण सगळे बाळबोधवाले राहिलो.

सहा महिन्यांनी मी गावाहून आणलेले फोटो उघडले. काही कागद मला लागले, बरेचसे नाही लागले, ते क्लासमधल्या एका जाणत्या बाईंकडून वाचून घेतले. सनद नाही. पुरलेलं काही नाही. पेशवे तर औषधालाही नाहीत. एक कर्जरोखा आहे, कुणीतरी आमच्याकडून नव्हे, आमच्याच पूर्वजानं कुणाकडून तरी घेतलेल्या कर्जाचा, हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले तुमचा क्लास बरोबर नाही. एक पत्र, साष्टांग नमस्कार विनंती उपरी, पुढे सगळी बैलाच्या आजारपणाची हकीकत. आणि बाकी सगळा भाताचा हिशोब. खंडी, मण, पायली, कुणाला किती दिलं, कुणाकडून किती यायचं, पानंच्या पानं. आत्या म्हणाली, एवढं जपून ठेवलं ते हे?

त्यात एका पानावर, वरचा कोपरा कसरीनं खाल्लाय म्हणून साल कळत नाही, मीठ, सुपारी, नांगराचा फाळ असल्या ओळींमध्ये एक ओळ आहे. ही मी स्वतः लावली, कुणाला न विचारता, रात्री अकरा वाजता. 'सुईणीस तांदूळ पायली १॥ चोळीखण १'. म्हणजे त्या दिवशी घरात कुणीतरी जन्माला आलं होतं. कोण ते लिहिलेलं नाही. आजोबा असतील, त्यांचे वडील असतील, जगलेलं असेल, नसेल. जन्माची नोंद अशी कुठेच नाही, तांदळाची आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओळ वाचून दाखव म्हणाले, मी दाखवली. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, सुईणीचं नाव आहे का? म्हटलं नाही, नुसतं सुईण. तांदूळ मात्र बरोबर लिहिलाय, असं म्हणून हसले. मग विचारलं, यातला सु कुठला? मी बोट ठेवून दाखवला. त्यांनीही त्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली, वरच्या रेघेपासून हळूहळू खाली, आणि स्क्रीनवरचं पान सरकलं आणि पुढचा फोटो आला, त्याच दिवशीच्या जेवणाचा. परत आण, म्हणाले, परत आण.